यंदा कितवी?

आमच्या इथल्या, अमेरिकेतल्या मराठी मंडळाचे वर्षाचे कार्यक्रम ठरलेले. संक्रांतीला तिळगूळ, गणपती, कोजागिरी, दिवाळीला नाटक. पण मुलं मोठी होऊन पांगल्यावर आता ज्याची सगळ्यात जास्त आठवण निघते तो कार्यक्रम मंडळाच्या पत्रिकेत कधीच नव्हता. विसर्जनाचा शीण उतरला की एका शनिवारी आठ-दहा घरं मिळून क्राउन्सव्हिलला मेरीलँड रेनेसान्स फेस्टिव्हलला जायचो, आणि ते पण वेष करून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही जत्रा 1977 पासून भरते, 1985 पासून अ‍ॅनापोलिसजवळ क्राउन्सव्हिलच्या झाडीत. ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत शनिवार-रविवार आणि लेबर डेचा सोमवार. आत रेव्हल ग्रोव्ह नावाचं खोटंखोटं इंग्लिश गाव, त्यात लोहार, काच फुंकणारे, विदूषक आणि आठवा हेन्री राजा त्याच्या राणीसकट. गोष्ट दरवर्षी पुढे सरकते, म्हणजे राणी बदलत राहते, कारण हेन्रीने सहा लग्नं केली हे जगाला माहितीच आहे.

पहिल्या वर्षी आम्ही साध्या जीन्समधे गेलो आणि पार ओशाळलो, कारण अर्धी जत्रा नटूनथटून आलेली. गेटपाशी कपडे भाड्याने मिळतात पण पाच जणांचं भाडं बघून आम्ही गुपचूप आत शिरलो :) पुढच्या वर्षीपासून मंडळाची नाटकाची पेटी कामाला आली. शिवजयंतीचे अंगरखे, लेझीमचे फेटे, कुणाच्या तरी लग्नातला शेला. माझा मुलगा मावळा झाला. शिवाजी महाराजांचा जन्म 1630 चा आणि हेन्री गेला 1547 ला, त्यामुळे आमचा मावळा ऐंशी-नव्वद वर्षं आधीच पोचला होता, पण तिथे पऱ्या आणि चाचेही फिरतात तर आम्हाला कोण विचारतंय. फक्त गेटवर त्याची पुठ्ठ्याची तलवार बघून त्या माणसाने अगदी गंभीरपणे सांगितलं, म्यानातून बाहेर काढायची नाही हं सरदार, आणि पठ्ठ्या दिवसभर मुठीवर हात ठेवून फिरला.

सासूबाई नगरहून सहा महिन्यांसाठी आल्या ते वर्ष मात्र वेगळंच. मी विचारलं, आई तुम्ही काय घालणार? म्हणाल्या, मी काय घालायचंय, माझं आहे ते आहे. इरकली नऊवारी, डोक्यावरून पदर, आणि खाली खडीसाठी नातवाचे जुने स्पोर्ट्स शूज. आत गेल्यापासून लोक थांबवून फोटो मागायला लागले, एकाने तर टोपी काढून कमरेत वाकून मुजरा केला. एक कॉर्सेटवाली (म्हणजे कंबर आवळून बांधणारी घट्ट चोळी घातलेली) बाई विचारत होती की हे शिवलंय कसं, मी सांगितलं शिवलंच नाहीये, नऊ वार कापड आहे आणि एकही पिन नाही, तर तिचा विश्वासच बसेना, मग आईंनी तिला झाडाआड नेऊन कासोटा कसा खोचतात ते ओढणीवर दाखवलं. भाषा दोघींना एकमेकींची एक अक्षर येत नाही. परत येताना मला हळूच म्हणाल्या, हिला श्वास कसा घेता येतो गं एवढं आवळून?

खायचं म्हणजे शनिवार असल्याने आईंना टर्कीची तंगडी चालणार नव्हती. बाहेरचे डबे आत नेता येत नाहीत, म्हणून पोळ्या, बटाट्याची भाजी आणि ठेचा पार्किंगच्या गवतातच डिकी उघडून उरकायचो, खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त हसणं तिथेच व्हायचं. आत त्यांना फ्राइज घेतले तर आमच्याकडचे इतिहासप्रेमी सुरू झालेच, अगं हेन्रीच्या इंग्लंडात बटाटा कुठला, तेव्हा तर आपल्या नगरात बुऱ्हाण निजामशहा राज्य करत होता. आई म्हणाल्या, मग त्याच्याकडेही बटाटा नसेल, खा गुपचूप.

घोड्यावरच्या भाल्याच्या सामन्यांना आमची जागा ठरलेली. जाउस्टिंग हा मेरीलँडचा अधिकृत राज्यखेळ आहे, 1962 पासून, हे मलाही तिथेच कळलं. बाकी लोक 'हुझ्झा' ओरडायचे आणि आमची पोरं त्यावर 'मोरया'. दोन-तीन वर्षांनी पुढच्या बाकावरचे गोरे आजोबापण मोरया म्हणायला लागले.

मग घरी येताना गाडीत आईंना हेन्रीची सगळी कथा सांगितली. पहिलीला सोडली, दुसरीचं 1536 ला मुंडकं उडवलं, तिसरी बाळंतपणात गेली. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आठवा म्हणजे मला वाटलं आपल्या कृष्णासारखा कुणी असेल, हा तर कंस निघाला.

2020 ला जत्राच रद्द झाली. नंतर मुलं कॉलेजला गेली, दोन घरं टेक्सासला गेली, मावळ्याचा अंगरखा आता कोपरापर्यंत येतो. आईंचं गुडघ्यांमुळे इकडे येणं थांबलं. पण ऑगस्ट लागला की नगरहून फोन येतो, गणपतीची तयारी कुठवर आली, पोरं काय म्हणतात वगैरे झालं की आवाज बारीक करून विचारतात, "काय गं, यंदा कितवी?"