अमोनिया ४, मासे निवांत: ६० लिटरच्या टाकीची नोंदवही

दिवस १

सुरुवात गोगलगायीपासून झाली. काच पुसताना एक रॅम्सहॉर्न हाताला लागली. शंखाचा मधला वेढा खडूसारखा पांढरा आणि कडेचा एक बारीक टवका उडालेला. वाटलं, म्हातारी झाली असेल. पण दुसरी बघितली, तिसरी बघितली, सगळ्यांचं तेच. दीड वर्ष सुरळीत चाललेली टाकी आहे ही. मासे म्हणजे दहा निऑन आणि पाच कोरी, झाडं बऱ्यापैकी. अशा जुन्या टाकीत अमोनिया कशाला मोजायचा म्हणून किट कपाटात मागे गेलं होतं. काढलं.

दोन्ही बाटल्यांतले थेंब टाकले, पाच मिनिटं थांबले. ट्यूब पिवळी (म्हणजे शून्य) राहील या भरवशावर मी तोवर दुसऱ्या कामाला लागले होते. परत आले तर गडद हिरवी. खिडकीशी नेऊन कार्डावर धरली: ४ पीपीएम.

चक्रावले ते पुढेच. मासे मजेत होते. कोणी पृष्ठभागाशी धापा टाकत नव्हतं, कल्ले लाल नव्हते, कोरी नेहमीसारख्या वाळूत तोंड खुपसून. किट बिघडलं म्हणून नळाचं पाणी तपासलं, तर ते शून्य. म्हणजे किट ठणठणीत.

निम्मं पाणी बदलायचं म्हणून बादल्या भरून ठेवल्या होत्या. ओतायच्या आधी सहज पीएच बघितला. पिवळा, कार्डावरचा सगळ्यात खालचा रंग. हे किट ६ च्या खाली वाचतच नाही, त्यामुळे ६ किंवा त्याहून कमी एवढंच म्हणता येतं. मग केएच, म्हणजे पीएचला घसरू न देणारी पाण्यातली क्षारता; चाचणीत एक थेंब म्हणजे एक डिग्री. नळाच्या पाण्याला सहाव्या थेंबाला निळ्याचा पिवळा होतो. टाकीच्या पाण्यात पहिलाच थेंब पडला आणि ट्यूब पिवळी! निळा रंग दिसलाच नाही. बादल्या बाजूला सरकवल्या.

ज्यांना हा हिशेब माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. किट दाखवतं तो एकूण अमोनिया. त्यातला विषारी भाग मुक्त अमोनिया, उरलेला अमोनियम, आणि तो माशांना फारसा बाधत नाही. कोणाचा वाटा किती हे मुख्यतः पीएच ठरवतो, थोडंफार तापमान. २५ अंशांना पीएच ६ असेल तर मुक्त अमोनिया साधारण ०.०५६ टक्के, ७ ला ०.५६, ८ ला ५ टक्क्यांच्या वर. एक पायरी चढलात की जवळपास दहापट. म्हणजे माझ्या ४ पीपीएममध्ये मुक्त अमोनिया होता ०.००२ च्या आसपास. आता निम्मं पाणी नळाचं घातलं असतं तर? एकूण आकडा २ वर आला असता, पण केएच ३ झाल्यावर पीएच ७.५ च्या घरात गेला असता आणि मुक्त अमोनिया ०.०३५. आकडा निम्मा, विष पंधरापट. कल्ल्यांना इजा ०.०५ पासून सुरू होते असं धरतात, त्याच्या अगदी उंबरठ्यावर. वर एका दमात दीड पायरीची पीएचची उडी, ती वेगळीच.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. गेले दोन महिने कामाच्या गडबडीत मी पाणी बदललंच नव्हतं, फक्त उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं पाणी ओतत होते. आरओच्या पाण्यात केएच नसतोच. इकडे फिल्टरमधले जिवाणू क्षारता खात राहतात: १ मिलीग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करताना साधारण ७ मिलीग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात. ढोबळमानाने लिटरमागे अडीच मिलीग्रॅमला एक डिग्री केएच गेला. शिवाय टाकीतलं लाकूड (ड्रिफ्टवुड) आणि तळाची झाडांची माती (सॉइल) यांनीही तो खाल्ला. केएच संपला, पीएच घसरला, आणि आम्लधर्मी पाण्यात शंख झिजले, जिवाणूंनी काम टाकलं. मग अमोनिया साठत गेला, पण त्याच कमी पीएचमुळे निरुपद्रवी रूपात. बिचारे मासे वाचले ते माझ्या निष्काळजीपणाच्याच कृपेने.

दिवस २ ते ५

ठरवलं ते असं: आधी अमोनिया पातळ करायचा, पीएच नंतर उचलायचा. रोज २० टक्के पाणी बदललं, तीन भाग आरओ आणि एक भाग क्लोरीन काढलेलं नळाचं. तापमान जुळवून, बारीक नळीने, अर्धा तास लावून. खाणं दिवसाआड आणि चिमूटभर. (विष्ठा उपसून काढली की झालं असं पुष्कळांना वाटतं. माशांचा बराचसा अमोनिया थेट कल्ल्यांतून बाहेर पडतो, तो नळीने कसा ओढणार?) हवेचे बुडबुडे सोडणारा एअरस्टोन रात्रंदिवस चालू. फिल्टरचा स्पंज मुद्दाम पिळला नाही, आधीच दमलेल्या जिवाणूंना कशाला धक्का द्या.

पाचव्या दिवशी अमोनिया २, पीएच ६.६ ते ६.८. उतरायला हवा होता दीडच्या जवळ, पण मासे रोज भर घालतच असतात.

दिवस ६ ते ११

पाचव्या रात्रीच आरओचं प्रमाण निम्म्यावर आणलं. केएच वाढवायला फिल्टरमध्ये क्रश्ड कोरलची (पोवळ्याच्या चुऱ्याची) मूठभर पिशवी ठेवली. खायच्या सोड्याचा मोह झाला होता, कारण ३० लिटरला १ ग्रॅम घातला की केएच साधारण एक डिग्री वर जातो. पण तो लगेच वर जातो, आणि मला लगेच नकोच होता. कोरल सावकाश विरघळतं. अमोनिया शून्यावर असता तर सोडाच वापरला असता.

आठव्या दिवशी अमोनिया १, नायट्राइट ०.२५. नायट्राइट म्हणजे अमोनिया ते नायट्रेट यांच्यामधला टप्पा; ते बघून मला चक्क बरं वाटलं, अमोनिया खाणारे पहिल्या फळीचे जिवाणू जागे झाले होते. माशांच्या रक्तात नायट्राइट शिरू नये म्हणून १० लिटरला १ ग्रॅम मीठ विरघळवून घातलं. क्लोराइड असलं की कल्ल्यांतून नायट्राइट कमी शिरतं. अकराव्या दिवशी अमोनिया ०.२५.

दिवस १६

अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट २०, केएच ३, पीएच ७.२. एक निऑन गेला, नवव्या दिवशी. तो आधीपासून पोटाने खंगलेला होता, त्यामुळे खापर कशावर फोडायचं कळत नाही.

आता दर आठवड्याला २५ टक्के नळाचं पाणी, आणि टॉप-अपला एक आड एक नळाचं. झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर केएचचे आकडे लिहायला लागले आहे. अमोनियाचं किट पंधरवड्याने एकदा, केएचचं दर आठवड्याला. एका ट्यूबने दोन मिनिटांत काम होतं.

गोगलगायींच्या शंखाच्या तोंडाशी नवी वाढ दिसते आहे, जेमतेम अर्धा मिलिमीटर, तपकिरी आणि चकचकीत. मधलं पांढरं मात्र भरून येणार नाही, शंख तिथे परत बनत नाही. सगळ्यात मोठी आत्ता फिल्टरच्या नळीवर बसली आहे, तिचा फोटो काढायला गेले तर काचेवर माझंच प्रतिबिंब.