सोनं नसलेले दगड

दर रविवारी आत्याचा फोन येतो आणि ख्यालीखुशाली विचारून झाली की तिचा ठरलेला प्रश्न येतो, "काय गं, सापडलं का सोनं?" मी पश्चिम ऑस्ट्रेलियात खनिजांवर संशोधन करते, एवढंच तिला माहीत आहे. चार वर्षांत माझ्या हाताखालून हजारो मीटर दगड गेला आणि त्यातल्या बहुतेक दगडात सोन्याचा कणही नव्हता, हे सांगितलं की ती हळहळते. फोनवर तिला नीट समजावता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

मी राहते पर्थमध्ये. काम असतं ते सहाशे किलोमीटर पूर्वेला, कालगुर्लीच्या आसपास. तिकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने बराच वेळ एक जाडजूड पाइपलाइन सोबत करते. वाळवंटी भागातल्या सोन्याच्या खाणींना समुद्राकडच्या टेकड्यांतलं पाणी पोचवणारी ही लाइन १९०३ मध्ये सुरू झाली आणि आजही तेच काम करते आहे. १८९३ मध्ये पॅडी हॅनन हा सोनं शोधत फिरणारा माणूस आणि त्याचे दोन सोबती यांना कालगुर्लीत सोनं मिळालं. आज तिथे 'सुपर पिट' नावाची उघडी खाण आहे: सुमारे साडेतीन किलोमीटर लांब, दीड किलोमीटर रुंद आणि सहाशे मीटरहून खोल. काठावरून पाहिलं की तळाशी फिरणारे अजस्र डंपर मुंगीएवढे दिसतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कितीतरी वेळ तिथून हलले नव्हते. खाणीच्या आकाराचं आश्चर्य होतंच. पण त्याहून मोठं आश्चर्य होतं ते एवढं सोनं एका ठिकाणी आलंच कसं याचं.

कारण सोनं तसं सगळीकडे आहे. कोणत्याही साध्या खडकात ते असतं, पण किती? पृथ्वीच्या कवचाची सरासरी धरली तर हजार टन दगडात जेमतेम एक-सव्वा ग्रॅम. उघडी खाण परवडायची तर टनामागे साधारण तेवढंच, म्हणजे एक ग्रॅमच्या आसपास किंवा जास्त लागतं. थोडक्यात, हजार टनांत विखुरलेलं सोनं कुणीतरी वेचून एका टनात आणून ठेवायला हवं. हे वेचण्याचं काम कोण करतं, कशाच्या जोरावर करतं आणि नेमकं तिथेच का थांबतं, हा माझा विषय.

१९९४ मध्ये वायबॉर्न, हाइनरिख आणि जॅक्स या तिघांनी ऑस्ट्रेलियातल्या खनिजांविषयी एक निबंध मांडला. खनिजसाठ्याकडे सुटा ठेवा म्हणून बघू नका, तो जमवणारी सगळी यंत्रणा बघा, असं त्यांचं म्हणणं होतं. तेलाचे शोधक आधीपासून असा विचार करत होते. यालाच आम्ही 'मिनरल सिस्टिम' म्हणजे खनिज प्रणाली म्हणतो. धातू कुठून निघाला, त्याला वाहून नेणारा द्रव कुठला, तो द्रव हलवणारी ऊर्जा कोणती, वाट कुठून होती, धातू उतरला कशामुळे आणि उतरल्यावर कोट्यवधी वर्षांच्या झिजेतून वाचला कसा? यातली एक जरी गोष्ट नसली तरी साठा होत नाही. साठा म्हणजे हातभर जागा. प्रणाली शेकडो किलोमीटर पसरलेली आणि खाली खोलवर गेलेली. म्हणून सोनं नसलेला दगडही त्या प्रणालीचाच भाग असतो, आणि पुष्कळदा तोच जास्त सांगतो.

कालगुर्लीचंच बघा. इथले खडक साधारण २७० कोटी वर्षांचे. बेसाल्टचे थर, त्यांत वितळलेल्या रूपात घुसून थिजलेला डोलेराइट खडक, आणि या सगळ्यांना चिरत जाणारे मोठे भ्रंश, म्हणजे खडक सरकून पडलेल्या भेगा. सुमारे २६४ कोटी वर्षांपूर्वी खोलवरून तीन-चारशे अंश तापलेलं, कार्बन डायऑक्साइड मिसळलेलं पाणी या भ्रंशांतून वर चढत होतं. त्यात सोनं विरघळलेलं होतं ते गंधकाच्या आधाराने. वाट क्वार्ट्झने, म्हणजे गारगोटीने बुजायची, खाली दाब वाढायचा, भूकंपाच्या धक्क्याने खडक पुन्हा फुटायचा, पाणी उसळायचं, पुन्हा वाट बुजायची. असं शेकडो वेळा. क्वार्ट्झच्या शिरेतल्या बारीक पट्ट्या भिंगाखाली पाहताना मला प्रत्येक वेळी अंगावर शहारा येतो, कारण ते मोजता येण्यासारखे भूकंप आहेत.

हे पाणी लोहयुक्त डोलेराइटमध्ये शिरलं की गंधक लोहाशी जुळतं आणि पायराइट तयार होतं. सोन्याला खांद्यावर घेऊन आलेला सोबतीच असा दुसरीकडे वळला की सोनं जागच्या जागी उतरतं. डोलेराइटच्या त्या जाड थरातही एक भाग इतरांहून जास्त लोहाचा आहे. गोल्डन माइल, म्हणजे सुपर पिट जिथे खणली आहे तो सोन्याचा पट्टा, त्याच्या श्रीमंतीत या भागाचा मोठा वाटा आहे.

आता माझे 'रिकामे' दगड. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची दोन कोअर लायब्ररी आहेत, एक पर्थच्या कार्लाइल भागात आणि दुसरी कालगुर्लीत. खनिज शोधताना जमिनीत भोकं पाडून दगडाचे जे लांब दंडगोल काढतात ते इथे ट्रेमध्ये रचून ठेवलेले असतात. पुस्तकाच्या कपाटासारखेच उंच रॅक, फक्त पुस्तक मागितलं की फोर्कलिफ्ट येतो. शोधाचे अहवाल सरकारला द्यावे लागतात आणि ठरावीक काळाने ते सगळ्यांना खुले होतात. २००९ पासून राज्य सरकार एका योजनेत काही भोकांच्या खर्चाचा वाटाही उचलतं आणि ती माहिती लोकांसाठी उघडी होते. माझ्या जन्माआधी कुणीतरी पाडलेलं, "विशेष काही नाही" असा शेरा मारून सोडून दिलेलं भोक आज मी टेबलावर मांडून बघू शकते. या व्यवस्थेबद्दल मला मनापासून आदर आहे. ज्याला काही मिळालं नाही त्याचेही कष्ट इथे वाया जात नाहीत.

काम मात्र धीराचं. ट्रे उतरवायचे, धूळ पुसायची, पाण्याचा फवारा मारायचा. कोरडा राखाडी दगड ओला झाला की हिरवा, तांबूस, दुधी होतो. मग दहापट भिंग, चुंबक आणि वही. ट्रे वाचायचा तो पानासारखा, डावीकडून उजवीकडे, वरून खाली. मध्ये मध्ये खोली लिहिलेले छोटे ठोकळे असतात.

पहिल्या वर्षी याच ठोकळ्यांनी मला धडा शिकवला. कधीतरी कुणीतरी एका भोकाचे चार ट्रे उलटे ठेवले होते. मी ठोकळे न तपासता अकरा नमुने काढून प्रयोगशाळेत पाठवले. दोन महिन्यांनी आकडे आले तेव्हा भ्रंशापासून दूर जावं तसा तापलेल्या पाण्याने खडकात घडवलेला बदल वाढत होता. व्हायला हवं होतं नेमकं उलटं. मी तीन आठवडे त्यावर एक स्पष्टीकरण रचत बसले आणि मला ते आवडूही लागलं होतं. आमच्या गटातल्या ज्येष्ठ बाईंनी तक्ता पाहिला आणि शांतपणे विचारलं, "ठोकळे पाहिलेस?" दुसऱ्या दिवशी पहाटे मी सहाशे किलोमीटर गाडी हाकत परत गेले. वेळ आणि पैसा दोन्ही गेले. आता कुठल्याही कोअरला पाण्याचा थेंब लागण्याआधी मी ठोकळे वाचते.

त्याच भोकाने पुढे सगळ्यात जास्त शिकवलं. तिथे भ्रंश आहे, डोलेराइट आहे, तापलेलं पाणी गेल्याच्या कार्बोनेट आणि अभ्रकाच्या खुणाही आहेत. सोनं नाही. हे भोक डोलेराइटच्या तळच्या, मॅग्नेशियम जास्त आणि लोह कमी असलेल्या भागातून जातं. वाट होती, पाणी होतं, उतरायला जागा नव्हती. निदान आज तरी आम्ही तसं मानतो. ते तपासण्याचं काम चालू आहे.

त्यासाठी खडक कधी तयार झाला, तो काळही कळावा लागतो. तिथे झिरकॉन नावाच्या खनिजाचा बारीक कण कामी येतो. हा कण जन्मताना युरेनियम आत घेतो आणि शिसं जवळजवळ घेतच नाही. म्हणजे नंतर त्यात सापडणारं शिसं युरेनियमच्या क्षयातूनच आलेलं, आणि दोन्ही मोजले की वय निघतं. कॅनबेरात जन्मलेलं श्रिम्प नावाचं यंत्र केसाहून बारीक ठिपक्यावर हे मोजतं. याच राज्यातल्या जॅक हिल्सच्या झिरकॉनचं वय ४४० कोटी वर्षं निघालं आहे. पृथ्वीवरच तयार झालेल्या खनिजांचे आजवर मिळालेले हे सर्वांत जुने कण. यंत्राची वेळ रात्रीची मिळाली तरी मी तक्रार करत नाही. पहाटे तीन वाजता पडद्यावर आकडे स्थिरावताना बघणं मला आवडतं.

प्रत्यक्ष मैदानात जाणं वर्षातून तीन-चार वेळाच होतं. दोन गाड्या, दोन-दोन जादा टायर, सॅटेलाइट फोन, संध्याकाळी ठरल्या वेळी 'आम्ही ठीक आहोत' हा निरोप. तो चुकला तर शोध सुरू होतो. पन्नास मीटरहून लांब रोड ट्रेन समोरून येते तेव्हा धुळीत काही सेकंद काहीच दिसत नाही, म्हणून रेडिओवर आधीच बोलून घ्यायचं.

आणि जमीन कुणाची, हा प्रश्न सगळ्यात आधी. १९९२ च्या माबो खटल्यात न्यायालयाने आदिवासींचा जमिनीवरचा पारंपरिक हक्क मान्य केला आणि १९९३ मध्ये त्या हक्कांचा कायदा आला. आम्ही कुठे चालणार, कुठे हातोडी मारणार, हे त्या भूमीच्या लोकांशी बोलून ठरतं. गेल्या हिवाळ्यात एक आजी आमच्याबरोबर चालल्या. ग्रॅनाइटच्या सपाट खडकावर एका चपट्या दगडाकडे त्यांनी बोट दाखवलं. तो बाजूला केला तर खाली खळग्यात पाणी! पाणी उन्हाने आटू नये, जनावरांनी घाण करू नये म्हणून झाकलेलं. ग्रॅनाइट कुठे फुटतो, पाणी कुठे टिकतं, हे मी नकाशावर शिकले. त्यांना ते पावलांना माहीत होतं. त्या दिवशी आम्ही नमुन्याची जागा बदलली आणि वळसा घालून गेलो.

घरच्यांसाठी एक सांगायला हवं. कर्नाटकातलं कोलार आणि हट्टी यांचे खडक साधारण याच युगातले, बेसाल्टसारख्या खडकांच्या अशाच हिरवट पट्ट्यांतले. कोलारची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली आणि २००१ मध्ये बंद झाली. हट्टी चालू आहे. इथल्या रिकाम्या भोकांतून जे कळतं ते तिथेही विचारून बघता येईल, असं मला फार वाटतं.

पुढच्या महिन्यात श्रिम्पवर दोन रात्री मिळाल्या आहेत. त्या रिकाम्या भोकातल्या डोलेराइटमधून चौदा झिरकॉन निघाले. त्यातले नऊ स्वच्छ, भेगा नसलेले आहेत. आत्याला कालच सांगितलं. तिने विचारलं, "नऊ पुरतील का गं?"