बाबांचा आवाज वाचवताना : माझा अनुभव

बाबा गेल्यावर लक्षात आलं की फोटो शेकड्यांनी आहेत, पण त्यांचा आवाज कुठेच नाही. ते व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजातले मेसेज पाठवायचे, पण मी फोन बदलला तेव्हा जुने चॅट नव्या फोनमध्ये घेतले नव्हते. दादाच्या फोनमध्ये मेसेज आपोआप पुसले जायची सेटिंग चालू होती. उरला बाबांचा फोन, आणि त्याचा पिन फक्त त्यांनाच माहीत.

पिन शोधायच्या भानगडीत आम्ही फार पुढे गेलो नाही, तेच बरं झालं. आईचा वाढदिवस, आमची जन्मसालं असे पाच प्रयत्न चुकले आणि फोन म्हणाला, ३० सेकंद थांबा. काही फोनांत १० वेळा चुकलं की सगळं पुसलं जायची सेटिंग असते, त्यामुळे अंदाज लढवत बसू नका.

मग मी फोन घेऊन सर्व्हिस सेंटरला गेले. पहिल्या खेपेला मृत्यूचा दाखला मागितला. दुसऱ्या खेपेला मी तो दिला, तर खरेदीची पावती हवी म्हणाले. तिसऱ्या खेपेला पावती नेली, तर साहेब जागेवर नव्हते. चौथ्या खेपेला काउंटरवरच्या मुलाने फोन हातात घेतला, मान वर न करता म्हणाला, "लॉक काढून देतो, डेटा जाईल. चालेल ना?" आणि सहीसाठी फॉर्म पुढे सरकवला. मी पेन उचललंसुद्धा होतं. "डेटा म्हणजे नक्की काय?" असं विचारलं तेव्हा कळलं, सगळंच. सही न करता फोन उचलला आणि बाहेर पडले. हात थरथरत होते.

आजच्या फोनमधला डेटा कुलूपबंद असतो आणि त्याची किल्ली पिनमध्येच गुंतलेली असते, हे मला नंतर समजलं. म्हणजे त्या मुलाच्या हातात खरंच काही नव्हतं. पण हे पहिल्याच दिवशी एका वाक्यात सांगता आलं असतं. त्यासाठी चार खेपा आणि माझ्या वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स कशाला लागत होती? तो राग अजून गेलेला नाही.

वाट दाखवली आईने. "रात्री ते कॉम्प्युटरवरच बघायचे ना सगळं?" एवढंच म्हणाली. बाबांच्या टेबलावरचा कॉम्प्युटर सुरू केला, तर व्हॉट्सअ‍ॅप उघडंच होतं. त्यांना जाऊन ११ दिवस झाले होते. मुख्य फोन १४ दिवस वापरात नसेल तर जोडलेला कॉम्प्युटर आपोआप लॉगआउट होतो. तीन दिवस उरले होते फक्त! काही जुने मेसेज उघडलेच नाहीत, ते गेले. १७ मिळाले. त्याच रात्री पेन ड्राइव्हवर, माझ्या ईमेलवर आणि दादाकडे अशा तीन ठिकाणी ठेवले.

मध्येच एका नातेवाइकाने सुचवलं होतं, सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून व्हॉट्सअ‍ॅप चालू करा. तसं केलं असतं तर कॉम्प्युटरवरचं लॉगिन तुटलं असतं. बॅकअप हाती नसेल तर नव्या फोनवर जुनं काहीच येत नाही. आणि हो, नंबर बंद करायची घाई करू नका. बँक, ईमेल, सगळ्यांचे ओटीपी त्यावरच येतात. आई-वडील धडधाकट असतानाच त्यांच्याजवळ बसून ही सोय करून घ्या : आयफोनमध्ये २०२१ पासून 'लेगसी कॉन्टॅक्ट' (आपल्या पश्चात आपला डेटा मागू शकणारी व्यक्ती) नेमता येतो, गुगलच्या खात्यातही आपल्या पश्चात कोणाला काय द्यायचं ते ठरवून ठेवता येतं.

१७ पैकी बहुतेक मेसेज "पोचलीस का? फोन कर" एवढेच आहेत. एक मात्र ४३ सेकंदांचा आहे. खाकरून सुरुवात, मग "हं, ऐक", मग माझ्या गाडीच्या विम्याची तारीख. ती सांगून झाल्यावर बटण सोडायचं राहिलंय. खुर्ची करकरते, पंख्याचा आवाज येतो, आणि लांबून, आईला विचारल्यासारखं, "गेला का गं हा?"