व्हेंडरचं रिजेक्शन कमी करताना : माझा अनुभव

व्हेंडरचा, म्हणजे सुटे भाग पुरवणाऱ्याचा, माल इनवर्डला (आमच्याकडे आल्यावरच्या तपासणीत) नापास झाला की डेबिट नोट (पैसे कापल्याची चिठ्ठी) जाते आणि फाईल बंद होते. पुढच्या लॉटला रिजेक्शन तेवढंच. नागपूरजवळच्या हिंगणा आणि बुटीबोरीतल्या मशीन शॉपसोबत व्हेंडर डेव्हलपमेंटचं काम करताना माझं मत पक्कं झालं आहे : व्हेंडरचं आणि आमचं मोजमाप जुळेपर्यंत सुधारणेची भाषा करू नये.

आधी मागच्या सहा महिन्यांचे लॉट, चलनावरची संख्या, नापास नग आणि कारण हे सगळं एका तक्त्यात मांडतो. नापास भागिले पुरवलेले, गुणिले दहा लाख, हा पीपीएम, म्हणजे दहा लाखांमागे नापास नग. २,००० नगांत ६ नापास म्हणजे ३,००० पीपीएम. कारणं उतरत्या क्रमाने लावली की पहिली दोन-तीनच बहुतेक रिजेक्शन खातात. तेवढीच हातात घेतो.

मग १० नगांवर नंबर घालून तेच नग त्यांच्याकडे आणि आमच्याकडे मोजतो. नागपुरात उन्हाळ्यात खरी गोम इथे सापडते. समजा ॲल्युमिनियम हाउसिंगचा ८० मिमी बोअर (आतलं गोल भोक), टॉलरन्स एच७, म्हणजे मापाला शून्य ते अधिक ३० मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) सूट. शेडमध्ये ४२ अंश, आमच्या मेट्रॉलॉजी रूममध्ये (मोजमापाच्या खोलीत) २०. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन फुगतं, स्टील साडेअकरा. शेडमध्ये बोअर ४० मायक्रॉन फुगतो, पण डायल (बोअर मोजायचा गेज) ज्या ठरलेल्या मापाच्या स्टीलच्या रिंगवर शून्य केला ती फक्त २०. म्हणजे बोअर २० मायक्रॉन मोठा दिसतो. तिथे अधिक १५ दाखवणारा नग आमच्याकडे उणे ५ भरतो आणि बेअरिंग घट्ट जातं. "भाऊ, इथे तर बरोबर होता," असं ऑपरेटर म्हणतो तेव्हा तो खरंच सांगत असतो.

उपाय स्वस्त आहे. एक चांगला नग आमच्या रूममध्ये मोजून त्यावर आकडा कोरायचा आणि स्टीलच्या रिंगऐवजी तोच मास्टर (तुलनेचा नमुना) म्हणून मशीनपाशी ठेवायचा. मशीनवरून उतरलेला नग गरम असतो, म्हणून तो मास्टरच्या तापमानाला आल्यावरच मोजायचा.

मोजमाप जुळल्यावरही रिजेक्शन उरलं, तर इन्सर्ट (मशीनचं कापणारं, बदलता येणारं पातं) बदलाची नोंद बघतो. किती नगांनंतर बदलायचा ते ठरलेलं नसलं, की शिफ्टच्या शेवटी माप सरकतं. इन्सर्ट बदलला की पुढचा पहिला नग मोजलाच पाहिजे. मशीनवर लावलेल्या ड्रॉइंगचं रिव्हिजनही (आवृत्तीही) तपासतो. जुनं निघालं, तर बहुतेकदा चूक आमची असते. नवीन पाठवलेलंच नसतं.

आणि पेमेंट. पैसे अडकले की लहान शॉप इन्सर्टवर हात आखडतं, हे आमच्या परचेसने (खरेदी विभागाने) समजून घ्यायलाच हवं. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. करार नसेल तर १५.

सलग तीन लॉट स्वच्छ आले की १०० टक्के तपासणी सॅम्पलिंगवर आणतो. मास्टर नग मात्र दर महिन्याला परत मागवून मोजतो. ॲल्युमिनियम मऊ, गेजच्या टोकाने तोही झिजतो.