लाल झगा, पांढरी मांजर आणि अ‍ॅमी फिलिप्स

न्यूयॉर्कमध्ये सबवेच्या 1 नंबरच्या गाडीने 66 स्ट्रीट–लिंकन सेंटरला उतरलं की अमेरिकन फोक आर्ट म्युझियम अगदी जवळ आहे. प्रवेश फुकट. मात्र एकाच चित्रासाठी जाणार असाल तर ते सध्या भिंतीवर आहे ना, हे आधी संकेतस्थळावर बघून घ्या. जागा आटोपशीर, प्रदर्शनं बदलती.

चित्र एकोणिसाव्या शतकातल्या अ‍ॅमी फिलिप्स या अमेरिकन चित्रकाराचं: लाल झग्यातली मुलगी, मांडीवर पांढरी मांजर, पायाशी कुत्रा. काळ 1830 ते 1835, माप 30 बाय 25 इंच. 1998 मध्ये ते अमेरिकेच्या टपाल तिकिटावरही आलं. मुलगी कोण, हे कुणालाच ठाऊक नाही.

आधी आठ-दहा फुटांवर थांबा. गडद पार्श्वभूमीवर लाल आकार कापून चिकटवल्यासारखा दिसतो. मग पुढे जाऊन चेहरा आणि झगा आलटून पालटून बघा. गालांवर छटा हळुवार मिसळल्या आहेत, झग्याला मात्र अगदी मोजक्या चुण्या. लोक याला भाबडेपणा म्हणतात. मला तो धंद्याचा हिशेब वाटतो. फिलिप्स गावोगाव फिरून व्यक्तिचित्रं रंगवायचा. गिऱ्हाईक पैसे देणार ते चेहरा जमला तर. मागे खोली, खिडकी, पडदे रंगवत बसलं तर वेळ जाणार. गळ्यातली पोवळ्यांची माळ त्या काळच्या लहान मुलांच्या चित्रांत नेहमी दिसते. पोवळं आजारपण दूर ठेवतं, अशी समजूत होती. झगा मात्र याच मुलीचा असेल असं धरून चालू नका. शिकागोच्या टेरा फाउंडेशनच्या संग्रहातली त्याची दुसरी मुलगीही अशाच लाल झग्यात आहे.

फिलिप्सची ओळख पटायला विसावं शतक अर्धं उलटावं लागलं. 1924 मध्ये कनेटिकटमधल्या केंट गावच्या जत्रेत जुनी घरगुती व्यक्तिचित्रं मांडली होती: गडद पार्श्वभूमी, लांब मान, किंचित पुढे झुकलेल्या बायका. चित्रकाराचं नाव माहीत नसल्याने त्याला 'केंट लिम्नर' म्हणू लागले; लिम्नर म्हणजे व्यक्तिचित्रं रंगवणारा. फिकट, मोत्यासारख्या रंगांतली त्याआधीची चित्रं वेगळ्याच 'बॉर्डर लिम्नर'च्या नावावर होती. बार्बरा आणि लॉरेन्स होल्ड्रिज या दांपत्याने सह्या आणि जुनी कागदपत्रं धुंडाळून हे दोघे एकच, असं दाखवलं. शैलीवरून माणूस ठरवण्यातला धोका इथे उघडा पडतो: गिऱ्हाइकाची आवड बदलली की चित्रकाराचा हातही बदलतो.

तो नंतरचा हात बघायला पार्कपलीकडच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या अमेरिकन विंगमध्ये 'मिसेस मेयर आणि मुलगी' शोधा. सेंट्रल पार्क चालत ओलांडता येतो.

गाडी असेल तर केंटहून रूट 7 ने उत्तरेला मॅसॅच्युसेट्समधल्या स्टॉकब्रिजपर्यंत जा. फिलिप्स 1788 मध्ये कनेटिकटमधल्याच कोलब्रुकला जन्मला आणि 1865 मध्ये स्टॉकब्रिजजवळच्या कर्टिसव्हिलला वारला. बराच काळ तो कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स आणि न्यूयॉर्क यांच्या सीमेवरच्या याच पट्ट्यात हिंडला. ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला गर्दी लोटते, तेव्हा शनिवार-रविवार टाळा.