दोतोनबोरीची एक संध्याकाळ आणि शेवाळलेला अचलनाथ

ओसाकात आम्हांला एकच संध्याकाळ मिळणार होती आणि ती दोतोनबोरी या कालव्याकाठच्या भागात घालवायची, हे पत्नीने आणि मी मुंबईहून निघण्यापूर्वीच ठरवले होते. नाम्बा स्थानकातून चालत एबिसुबाशी पुलावर आलो तेव्हा अंधार पडला होता. कठड्याशी माणसांची दाटी होती आणि ग्लिको या मिठाई कंपनीच्या प्रसिद्ध जाहिरात-फलकावरील धावपटूसारखे दोन्ही हात उंचावून जो तो छायाचित्र काढून घेत होता. हा फलक येथे प्रथम १९३५ मध्ये उभारला गेला. आजचा एलईडीचा फलक २०१४ पासूनचा आहे. त्याचे रंग ज्या पाण्यात हलत होते तो कालवा मात्र त्याहून कितीतरी जुना. दोतोन नावाच्या गृहस्थाने १६१२ मध्ये तो खणायला घेतला, ओसाकाच्या वेढ्यात त्याला मरण आले आणि १६१५ मध्ये इतरांनी ते काम पुरे केले. पुढे याच काठावर नाट्यगृहे आणि बाहुलीनाट्याची रंगमंदिरे उभी राहिली, प्रेक्षकांबरोबर खानावळीही आल्या. खाण्यापायी दिवाळे काढणे अशा अर्थाचा ‘कुइदाओरे’ हा शब्द ओसाकाकर आपल्या शहराबद्दल अभिमानाने वापरतात.

आम्ही एका लहानशा दुकानात ओकोनोमियाकी खायला बसलो. डुकराचे मांस नको, कोळंबी आणि माकुल चालेल, हे खाणाखुणांनी सांगितले. बारीक चिरलेली कोबी, पीठ, अंडे आणि किसलेला एक बुळबुळीत कंद एकत्र कालवून आमच्या समोरच्याच तव्यावर ते जाडसर थापले गेले. पत्नीला थालीपीठ आठवले; चव अर्थात वेगळी, पण लहान उलथन्याने तव्यावरच तुकडे करून गरमगरम खाण्यातला आनंद तोच. वर गोडसर सॉस, मेयोनेझ, समुद्री शेवाळाची पूड आणि वाळवलेल्या बोनितो माशाचे कागदासारखे पातळ पापुद्रे होते. वाफेने ते पापुद्रे हलू लागले, तेव्हा आम्ही दोघेही खाणे थांबवून पाहत राहिलो.

तेथून काही पावलांवर होझेन्जी योकोचो ही दगडी फरसबंदीची अरुंद गल्ली लागते. मला त्या संध्याकाळचे खरे अप्रूप वाटले ते येथेच. कागदी कंदिलांच्या उजेडात, छोट्या उपाहारगृहांना लागून, होझेन्जी हे बौद्ध मंदिर आहे. त्याच्या प्रांगणात ‘मिझुकाके फुदो’ या बौद्ध देवतेची मूर्ती उभी आहे. येणारा प्रत्येक जण तिच्यावर पाणी घालतो, त्यामुळे मूर्तीवर हिरव्यागार शेवाळाचा इतका जाड थर चढला आहे की नाक-डोळे दिसतच नाहीत. फुदो म्हणजे न हलणारा, आपल्या संस्कृतातला अचलनाथ. त्याच्या दोन सेवकांना जपानी लोक कोंगारा आणि सेइताका म्हणतात. ही मूळची किंकर आणि चेटक ही नावे. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे इतक्या दूर आलेले हे शब्द ओळखू येताच मला भरून आले. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यात मंदिर जळाले, पण ही मूर्ती वाचली.

कामावरून परतणारी, काळा कोट घातलेली एक बाई आमच्या पुढे होती. तिने पळीने पाणी घातले, हात जोडले आणि क्षणभर डोळे मिटून ती निघून गेली. श्रावणात शंकराच्या पिंडीवर पाणी घालताना आई जशी पळी धरते, तशीच पत्नीने ती पळी दोन्ही हातांनी धरली. शेवाळावरून पाणी आवाज न करता खाली झिरपत गेले.


परतताना आम्ही कालव्याच्या काठाने चालत स्थानकाकडे निघालो आणि शेवटच्या भुयारी गाडीच्या आधी जेमतेम दोन ताकोयाकी, म्हणजे ऑक्टोपसचे तुकडे घातलेले पिठाचे गोळे, खाण्याइतका वेळ उरला होता.