लाल शाईतले तीन रुपये चाळीस पैसे

हीरक महोत्सवाचं पत्र आलं. ‘शाळेच्या आठवणी दोन पानांत लिहाव्यात.’ स्नेहसंमेलन, पन्हाळ्याची सहल, कर्मवीर जयंतीची मिरवणूक यांवर बाकीचे लिहितीलच. मी फक्त सरांबद्दल लिहिणार. कोणते सर, हे आपल्या बॅचच्या कुणाला सांगायला नको. गणित, संचयिका आणि मागची बाग ज्यांच्याकडे होती ते.

संचयिका म्हणजे काय, हे आताच्या मुलांना सांगावं लागेल. शाळेतली मुलांची बँक. दर बुधवारी मधल्या सुट्टीत ऑफिसच्या दाराशी टेबल लागायचं आणि मुलं पैसे भरायची. चौकोनी पाच पैसे, झालरीच्या कडेचे दहा पैसे, कुणाचे चार आणे. पासबुक, किर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), खतावणी (खातेवार वही), पैसे काढायची स्लिप, सगळं खऱ्या बँकेसारखं, आणि चालवायची मुलांनीच. १९८२ साली मी नववीत होतो आणि सरांनी मला रोखपाल केलं होतं. लोखंडी पेटीची किल्ली मी करदोट्याला बांधून हिंडत असे.

त्याच जानेवारीत मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. आपल्या भागातल्या निम्म्या घरांची चूल गिरणीच्या मनीऑर्डरवर पेटायची. दोन महिने वाट बघून माझे वडीलही गावी आले आणि ओट्यावर बसून राहिले. हे मुद्दाम सांगतो, कारण पेटीतले पैसे कमी भरले तेव्हा पहिला विचार माझ्या मनात हाच आला की लोक म्हणणार, संपकऱ्याच्या पोरानं खाल्ले.

कमी भरले तीन रुपये चाळीस पैसे. कुणाला तरी सुटे जास्त दिले गेले असणार. कुणाला, ते आजही माहीत नाही. मी काय केलं, तर १४ नंबरच्या खात्यातून तेवढे पैसे काढल्याची स्लिप भरली, खाली त्या मुलाची सही ठोकली आणि किर्दीत नोंद केली. हिशेब पैशाला पैसा जुळला.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सर किर्द तपासायचे. बोट १४ नंबरपाशी थांबलं.

“हा कावीळ होऊन पडलाय ना रं? बुधवारी पैसे काढायला आला कसा?”

मी रडायला लागलो. सरांनी रडू दिलं. मग मी कंपासमधलं ब्लेड काढलं, नोंद खरवडून टाकतो म्हणालो. त्यावर मात्र ते चिडले. त्या दिवशी चिडले ते एवढंच. “ब्लेड ठेव आत. एक आडवी रेघ मार. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी सही कर, तुझी. आणि आता लाल शाईनं लिही, रोख तूट तीन रुपये चाळीस पैसे. कमी आहे ते कमी लिहायचं.”

किर्द घेऊन हेडसरांची सही आणायलाही मलाच पाठवलं. ऑफिस ते हेडसरांची खोली किती पावलं आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे. मला ती कोरेगावाइतकी लांब वाटली.

तूट मी फेडायची ठरली. घरून एक पैसाही आणायचा नाही ही अट. दर शनिवारी दुपारी बागेत काम, त्याचे पन्नास पैसे. विहिरीवरून पाणी आणायचं, आळी करायची, शेवग्याला आधार द्यायचा. सर स्वतः धोतर खोचून शेजारी खुरपत असत. ते साताऱ्याच्या बोर्डिंगात वाढलेले. ते बोर्डिंग काढणाऱ्या कर्मवीर अण्णांना, म्हणजे भाऊराव पाटलांना, त्यांनी जवळून पाहिलेलं. खुरपता खुरपता त्या गोष्टी निघायच्या. १९२७ साली गांधीजींनी त्या बोर्डिंगला शाहू महाराजांचं नाव दिलं, मुलांसाठी अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं, हे सरांच्या आधीचं, त्यांनी ऐकलेलं. पण सर सांगताना आपण तिथं उभे होतो असंच सांगायचे. सहा शनिवार झाले. सातव्या शनिवारी चाळीस पैसेच उरले होते, तर सरांनी त्या मापानं काम दिलं आणि ऊन असतानाच घरी पिटाळलं. किर्दीत ‘तूट वसूल’ अशी नोंद झाली.

या सात आठवड्यांत किल्ली माझ्याकडेच होती. सरांनी ती मागितली नाही, मी द्यायला गेलो तर घेतली नाही. पुढच्या बुधवारी टेबलाशी मीच बसलो होतो. एवढंच सांगण्यासाठी ही दोन पानं मागून घेतली आहेत.

पुढे मी सहकार खात्यात लेखापरीक्षक झालो. एकतीस वर्षं विकास सोसायट्या आणि पतसंस्था तपासल्या. गेल्या गेल्या दप्तर न उघडता आधी तिजोरीतली रोख मोजायची ही माझी सवय, त्यामुळे चहा उशिरा मिळायचा. पांढरी शाई लावलेलं पान बोटाला कळायचं. एका सोसायटीत चोवीस-पंचवीस वर्षांच्या कारकुनाची रोख कमी निघाली. त्यानं कुणाच्या तरी नावावर उचल दाखवायची तयारी केली होती. मी त्याच्याकडून रेघ मारून घेतली, तूट लिहून घेतली. पैसे त्यानं भरलेही. पण महिन्याभरात त्याला कामावरून काढलं. किल्ली कुणाकडे ठेवायची हे माझ्या हातात नव्हतं, हे खरं. तरी संचालकांपुढे त्याच्यासाठी दोन शब्द बोलता आले असते. मी बोललो नाही.

नोकरीला लागून काही वर्षं झाल्यावर एक गोष्ट डोक्यात आली. शाळेच्या हिशेबात ‘बागकाम मजुरी’ असं खातंच नव्हतं. असणार कुठून? ते पन्नास पैसे सरांच्या खिशातले होते. विचारायला जायचं ठरवलं आणि जायचं राहिलं. सर गेले ते मार्चअखेरीला. मी तेव्हा आटपाडीकडे तपासणीवर होतो.

मागच्या महिन्यात शाळेत जाऊन आलो. बागेच्या जागी आता पेव्हर ब्लॉक आहेत, गाड्या लागतात. संगणक कक्ष उत्तम आहे, मुलं चुणचुणीत आहेत. संचयिकेची जुनी किर्द बघायला मिळेल का, असं विचारलं. मुदत संपलेलं दप्तर नियमाप्रमाणे नष्ट केलंय, म्हणाले. यावर मी, मी लेखापरीक्षक, काय बोलणार?

१४ नंबरचं खातं ज्याचं होतं तो आता गावात डेअरी चालवतो. त्याच्या नावानं मी सही ठोकली होती, हे त्याला त्रेचाळीस वर्षांत सांगितलेलं नाही. स्मरणिका हातात पडली की त्याचा फोन येईल. व्याज मागेल, तो हिशेबाला पक्का आहे.